रान, नदी आणि शेवटच्या रात्रीची शेकोटी

मे महिना उजाडला की आपल्या ओळखीच्या घरांतून एक कागद फिरू लागतो. मुलाच्या शाळेतल्या एखाद्या मित्राने तो दिलेला असतो. वर डोंगराचं चित्र, खाली रबरी होडीत बसलेली, नखशिखान्त भिजलेली आणि तरीही हसणारी मुलं. सहा दिवसांचा कार्यक्रम: तीन दिवस पाठीवर पिशवी घेऊन रानात चालायचं, तंबूत झोपायचं, एक दिवस आर्कान्सा नदीत राफ्टिंग, एक दिवस दोराने कडा उतरणं. पैसे माफक. आणि तळाशी एक ओळ: सहल अमुक चर्चच्या युवक विभागाची आहे, रोज बायबलवाचन व प्रार्थना होईल. "सगळे चाललेत, मी जाऊ?" असं पंधरा वर्षांचं पोर विचारतं आणि आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

इथे कोलोरॅडोत राहायला आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचं उत्तर एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. माझा धंदा इतिहास शिकवण्याचा. "पाठवा" किंवा "पाठवू नका" असं दोन शब्दांत उत्तर माझ्याकडून येत नाही, अशी आमच्या घरातही तक्रार आहे. तेव्हा वाचकहो, थोडा धीर धरा. आणि तुमच्यापैकी जे इथेच जन्मलात, वाढलात आणि कदाचित अशा सहलीला जाऊनही आलात, त्यांनी तर जरूर वाचा, कारण तुम्ही ज्या होडीत बसलात ती होडी तिथवर कशी आली हे तुम्हाला त्या आठवड्यात कोणी सांगितलं नसेल.

आपल्यातल्या पुष्कळांचा समज असा की मुलं ओढून घेण्यासाठी चर्चने अलीकडे काढलेली ही एक युक्ती आहे. तसं नाही. रानात गेल्याशिवाय देव भेटत नाही ही कल्पना बायबलइतकीच जुनी आहे. इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात भटकले. एलीया जीव वाचवायला रानात पळाला आणि पुढे डोंगरावर त्याला देवाचा आवाज ऐकू आला. येशू चाळीस दिवस उपाशीपोटी रानात राहिला. मराठी बायबलात या जागांना 'रान' आणि 'अरण्य' असे शब्द वापरले आहेत. ते वाचताना आपल्या डोळ्यांपुढे दंडकारण्य येतं, झाडं, झरे, ऋषींचे आश्रम. मुळात ते ओसाड, पाण्यावाचूनचं वाळवंट आहे. आपला वानप्रस्थ आयुष्याच्या उतरणीवर घरदार सोडून रानात जातो, तर बायबलातला माणूस रानातून तावूनसुलाखून परत येतो आणि मग त्याचं काम सुरू होतं. हा फरक लक्षात ठेवा. पंधराव्या वर्षी रानात का न्यायचं, याचं उत्तर त्यात आहे.

मात्र सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागलेल्या प्युरिटन मंडळींना रानाचं काडीचंही कौतुक नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ते सैतानाचं राज्य होतं. तोडायचं, जाळायचं, नांगरायचं. रानाशी सलोखा व्हायला दीडदोनशे वर्षं लागली. १८०१ च्या ऑगस्टमध्ये केंटकीतल्या केन रिज इथे हजारो माणसं आपापल्या गाड्या आणि तंबू घेऊन जमली आणि कित्येक दिवस उघड्यावर प्रवचनं, गाणी, रडणं, कोसळून पडणं असं चाललं. अशा मेळाव्यांना 'कँप मीटिंग' म्हणत. आजच्या मुलांच्या शिबिराचा 'कँप' हा शब्द सैन्यातून आला तितकाच या मेळाव्यांतूनही आला, असं मी मानतो.

त्याच काळातली दुसरी एक घटना आपल्या फार जवळची आहे. १८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्सटाउन गावात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी मोकळ्यावर प्रार्थनेला जमले होते. वादळ आलं, विजा कडाडू लागल्या, तेव्हा त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला आणि तिथेच बसून आशिया खंडात मिशनरी पाठवण्याचा निश्चय केला. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था निघाली आणि तिचं परदेशातलं पहिलं ठाणं कुठे पडलं? आपल्या मुंबईत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत तिथे उतरले. हॉल त्याच विल्यम्स कॉलेजचा पदवीधर. तो मराठी शिकला, मराठीत लिहू लागला आणि १८२६ मध्ये नाशिकहून परतताना पटकीने वाटेतच गेला. त्याच मिशनने पुढे अहमदनगरला बस्तान बसवलं आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक सुरू केलं. वीसबावीस वर्षांची चार पोरं घराबाहेर, पावसात, एकमेकांना धरून बसली की काय होऊ शकतं याचं हे उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे.

आता शिबिरं. अमेरिकेतलं पहिलं मुलांचं शिबिर म्हणून बहुतेक इतिहासकार कनेक्टिकटमधल्या फ्रेडरिक गन या शाळामास्तरांचं नाव घेतात. १८६१ मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, शिपाई होण्याची स्वप्नं बघणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ते सुमारे चाळीस मैल चालवत समुद्रकाठी घेऊन गेले आणि तिथे तंबू ठोकून राहिले. चर्चची मुलं घेऊन असं शिबिर भरवण्याचा पहिला मान जॉर्ज हिंकली या धर्मोपदेशकाचा. त्यांनी १८८० मध्ये ऱ्होड आयलंडात एका बेटावर मुलं नेली. सकाळी प्रार्थना, दिवसभर पोहणं आणि मासे, संध्याकाळी गाणी. आजच्या कागदावरचा कार्यक्रम काढून बघा, सांगाडा तोच आहे. पाच वर्षांनी वायएमसीएचे सम्नर डडली सात मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज सरोवराकाठी गेले. ते शिबिर, जागा बदलून शँप्लेन सरोवराकाठी, आजतागायत अखंड चालू आहे.

हे सगळं त्याच काळात का सुचावं? शहरं वाढत होती. बाप सकाळी कारखान्यात किंवा कचेरीत जाई, मुलगा आई आणि शिक्षिकांच्या हाताखाली वाढे, आणि तो नाजूक होतोय, बिघडतोय, असं तेव्हाच्या पुरुषमंडळींना वाटू लागलं होतं. इंग्लंडात चार्ल्स किंग्जली आणि टॉमस ह्यूज यांच्या कादंबऱ्यांमुळे १८५७ च्या सुमारास 'मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी' असा शब्द रूढ झाला. आपण त्याला पीळदार ख्रिस्तीपण म्हणू. दंड कमावलेला, पोहणारा, खरं बोलणारा, देवाला भिणारा पण माणसाला न भिणारा तरुण, हा त्याचा आदर्श. आपल्याकडे समर्थांच्या हनुमानाच्या देवळापुढे आखाडा असतो, त्या जातीचीच ही कल्पना. ती अमेरिकेत वायएमसीएने उचलली. ल्यूथर ग्यूलिक या त्यांच्या पुढाऱ्याने शरीर, मन आणि आत्मा असा त्रिकोण संस्थेचं चिन्ह म्हणून दिला. त्याच्याच सांगण्यावरून १८९१ मध्ये धर्मशास्त्र शिकलेल्या जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल तयार केला, चार वर्षांनी वायएमसीएच्याच विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल. भारतात हे दोन्ही खेळ रुजवण्यात वायएमसीएचाच मोठा हात. १९२० मध्ये मद्रासला हॅरी बक यांनी शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि तिथे तयार झालेले शिक्षक देशभर गेले. तेव्हा ज्या आजोबांनी गावच्या शाळेत व्हॉलीबॉलची जाळी बांधली आहे, त्यांनी चर्चच्या खेळांपासून आपण फार लांब वाढलो असं समजू नये. त्या जाळीपाशी कोणाचा धर्म बदलल्याचं मला आठवत नाही, हेही खरं.

डोंगर झाले, आता नदी. आणि नदीची गोष्ट जॉन वेस्ली पॉवेलशिवाय सांगता येत नाही. नावावरूनच ओळखा: मेथडिस्ट पंथाच्या संस्थापकाचं नाव मुलाला ठेवणारा बाप स्वतः गावोगाव फिरणारा मेथडिस्ट प्रचारक होता आणि मुलाने धर्मोपदेशकच व्हावं अशी त्याची इच्छा होती. मुलगा निघाला दगड, शिंपले आणि नद्या यांच्या नादाचा. १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला. २४ मे १८६९ रोजी हा एका हाताचा मेजर दहा जणांची टोळी आणि चार लाकडी होड्या घेऊन वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर गावाहून निघाला. पुढे ग्रँड कॅन्यनमधून नदी कशी जाते, मधे धबधबे किती, हे नकाशावर नव्हतं. तिथे तेव्हा कोरी जागा होती.

त्या होड्या वल्हवणारे नदीकडे पाठ करून बसत. म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय हे वल्हेकऱ्याला दिसत नसे! तोंड प्रवाहाकडे करून वल्हवायची रीत पुढे वीसपंचवीस वर्षांनी युटाच्या नॅथॅनियल गॅलोवे नावाच्या एका फासेपारध्याने रूढ केली. पॉवेलची एक होडी जूनमध्येच लोडोरच्या दरीत खडकावर आपटून फुटली, तिच्यातलं अन्न गेलं. एकदा पॉवेल कड्यावर चढताना असा अडकला की वर जाता येईना, खाली उतरता येईना, आणि एकाच हाताने लोंबकळत राहिला. दोर नव्हता. वरच्या कपारीत पोचलेल्या जॉर्ज ब्रॅडलीने अंगातली लांब विजार काढली, ती खाली सोडली आणि मेजरना वर ओढून घेतलं. अमेरिकन भूगर्भशास्त्र त्या दिवशी एका विजारीवर तरलं. हाच ब्रॅडली मोठा भाविक. आपला मेजर रविवार पाळत नाही, प्रभूच्या दिवशीही होड्या हाकतो, अशी कुरकुर त्याने आपल्या रोजनिशीत केली आहे.

ऑगस्टच्या अखेरीस शिध्यात थोडं पीठ, वाळवलेली सफरचंदं आणि कॉफी एवढंच उरलं. समोर एक भयंकर खळाळ आला. त्याला आज 'सेपरेशन रॅपिड' म्हणतात, म्हणजे ताटातुटीचा खळाळ. २८ ऑगस्टला तिघांनी सांगितलं, आम्ही पाण्यात उतरणार नाही, कडा चढून माणसांची वस्ती गाठतो. कोणी कोणावर रागावलं नाही. ते तिघे वर गेले आणि वाटेत मारले गेले. उरलेले सहा जण दोन होड्यांतून तो खळाळ उतरले आणि ३० तारखेला व्हर्जिन नदीच्या संगमावर मासे धरणाऱ्या मॉर्मन माणसांना भेटले. दोन दिवसांचं अंतर होतं. राहावं की जावं, यात शहाणे कोण आणि वेडे कोण, हे त्या सकाळी कोणालाच कळणं शक्य नव्हतं. तरीही शिबिरांत ही गोष्ट 'विश्वास ठेवला ते वाचले' अशी सांगतात. मी तिला हरकत घेतो. पॉवेलने विश्वास ठेवला तो वायुभारमापकावर आणि मोजमापांवर. पाणी अजून किती उतरायचं बाकी आहे हे तो रोज मोजत होता.

रबरी होडी यानंतरची, म्हणजे सर्वसामान्यांच्या हातात आलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याकडच्या उरलेल्या फुगवायच्या होड्या स्वस्तात विकल्या गेल्या आणि पश्चिमेकडच्या नद्यांवर शनिवार-रविवारच्या सहली सुरू झाल्या. लाकडी होडी खडकावर फुटते, रबरी होडी वाकते, घसरते, पुढे जाते. त्यामुळे वल्हं कधी हातात न धरलेल्या पोरांनाही नेता येऊ लागलं. आर्कान्सा नदीवर सलायडा गावात १९४९ पासून होड्यांची शर्यत भरते आणि जवळच्या ब्राउन्स कॅन्यनला २०१५ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. बर्फ वितळून जूनमध्ये जे पाणी येतं ते इतकं थंड असतं की पाण्यात पडलेल्याला पहिली काही क्षणं श्वासच घेता येत नाही.

पण डोंगर, नदी, किशोरवय आणि ख्रिस्त ही चार टोकं एकत्र बांधली गेली त्यात १९४१ या सालाला महत्त्व आहे. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या आणि त्या घडवणाऱ्या माणसांना एकमेकांचा पत्ता नव्हता. वेल्समधल्या ॲबरडोव्ही इथे कुर्ट हान यांनी 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा काढली. हान बर्लिनमधल्या ज्यू घराण्यातले शिक्षक. हिटलरच्या विरोधात उघड बोलल्याबद्दल १९३३ मध्ये तुरुंगात गेले, सुटून ब्रिटनला आले, स्कॉटलंडात गॉर्डनस्टन शाळा काढली, १९४५ मध्ये अँग्लिकन झाले. टॉर्पेडो लागून बुडालेल्या जहाजांवरचे तरुण खलाशी आधी धीर सोडतात आणि जुनेजाणते तग धरतात, असं जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांना वाटत होतं. कमी होती ती ताकदीची नव्हे, कसोटीला उतरल्याच्या अनुभवाची. म्हणून महिनाभर समुद्र आणि डोंगर, शिस्त आणि थंडी. पुढे अमेरिकेत याची पहिली शाळा १९६२ मध्ये आपल्या कोलोरॅडोतच, मार्बल गावापाशी भरली. मुलाला एकट्याला दोनतीन दिवस रानात ठेवायचं, ज्याला 'सोलो' म्हणतात, ही पद्धत याच शाळांनी सर्वदूर नेली.

दुसरी घटना टेक्ससची. गेन्सव्हिल गावात जिम रेबर्न नावाचा तरुण प्रेस्बिटेरियन धर्मप्रचारक होता. चर्चमध्ये येणाऱ्या मुलांची काळजी मी घेतो, जी कधीच येणार नाहीत त्यांच्याकडे तू जा, असं तिथल्या वडीलधाऱ्या पाद्रींनी त्याला सांगितलं. तो शाळेत गेला, मैदानांवर गेला, मुलांच्या घरी संध्याकाळचे क्लब भरवू लागला. त्यातून १९४१ मध्ये 'यंग लाइफ' ही संस्था उभी राहिली. मुलांना प्रभूविषयी सांगताना कंटाळा आणणं हेच रेबर्नच्या मते पाप होतं. मुलांसाठी पडकी बराक नको, उत्तमातलं उत्तम स्थळ हवं, असा त्याचा हट्ट. महायुद्धानंतर त्याने कोलोरॅडोत एकामागून एक जागा मिळवल्या. त्यांतली ब्यूना विस्टाजवळ, माउंट प्रिन्स्टनच्या अंगावरची 'फ्रंटियर रँच' आजही गजबजलेली असते.

(माझ्या पिढीतल्या वाचकांना १९४१ म्हटलं की वेगळंच काही आठवेल. महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली ते हेच साल. तीही मुलं, तीही शिबिरं, तीही गाणी. तरुणांचं काय करायचं, हा प्रश्न त्या वर्षी सगळ्या जगालाच पडला होता.)

साठच्या आणि सत्तरच्या दशकांत हानची कसोटी आणि रेबर्नचा संदेश एकत्र आले. १९६४ चा वनसंरक्षण कायदा, ज्याने एक्क्याण्णव लाख एकर रान जसंच्या तसं राखलं, त्याचा मसुदा लिहिणारा हॉवर्ड झानायझर हाही एका मेथडिस्ट पाद्रीचाच मुलगा. कायद्यावर सही व्हायच्या चार महिने आधी तो वारला. त्याच्या आधीच्या पिढीतल्या जॉन म्यूरने बापाच्या धाकाने लहानपणी जवळजवळ सगळं बायबल तोंडपाठ केलं होतं. अमेरिकेच्या राखीव रानांत आपण फिरतो तेव्हा प्रोटेस्टंट घरांतून पळालेल्या मुलांच्या जगात फिरत असतो, असं मला कधीकधी वाटतं.

तर आठवडा कसा रचलेला असतो ते नीट बघा. पहिल्या दिवशी फोन काढून घेतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढण, फोड आलेले पाय, पातळ हवा, आणि ओळखदेखही नसलेल्या मुलाने तुमची पिशवी उचलणं. मग नदी. होडीत मागे बसलेला मार्गदर्शक ओरडतो, "पुढे! थांबा! मागे!" आणि सगळ्यांनी एका दमात वल्हं मारायचं. विचार करायला वेळ नसतो. ज्याच्यावर विश्वास आहे त्याचं ऐकायचं. संध्याकाळी त्यावरच बोलणं निघतं: तुझ्या आयुष्याच्या होडीत मागे कोण बसलंय? नंतर तासभर प्रत्येकाने एकट्याने, गप्प, ताऱ्यांखाली बसायचं. आणि शेवटच्या रात्री शेकोटी. कोणी उठून आपल्या घरातलं दुःख सांगतं, कोणी रडतं, कोणी म्हणतं, आजपासून मी येशूचा. हे सगळ्याच सहलींत होतं असं नाही. काही ठिकाणी नुसती प्रार्थना असते, काही ठिकाणी मात्र ही शेवटची रात्र म्हणजेच साऱ्या आठवड्याचा कळस असतो.

यात फसवणूक आहे का? मी म्हणेन, नाही. कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं, आपणच तळची ओळ वाचत नाही. नेणारी तरुण मंडळी बहुधा मनापासून प्रेम करणारी असतात. पण दमलेलं, घरापासून दूर, नव्या मैत्रीने भारावलेलं पंधरा वर्षांचं मन आणि दुपारी जेवून सोफ्यावर बसलेलं मन यांत फरक आहे. हे हिंकलींना माहीत होतं, रेबर्नला माहीत होतं, आपल्यालाही माहीत असावं. प्रवासात माणूस ऐकतो. नारायण वामन टिळकांना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार वाचायला दिला आणि दोनेक वर्षांनी, १८९५ च्या फेब्रुवारीत, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ते तिशी ओलांडलेले, विद्वान, पूर्ण समजून केलेलं. तरी मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंवर काय गुदरलं ते 'स्मृतिचित्रे'त आपण सर्वांनी वाचलं आहे. आपल्या घरातल्या थोरांच्या पोटात जो गोळा येतो तो बुरसटलेपणाचा म्हणून तरुणांनी हसण्यावारी नेऊ नये. त्याला इतिहास आहे. आणि थोरांनी हेही आठवावं की त्याच लक्ष्मीबाई पुढे स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या आणि मराठीतलं एक अस्सल पुस्तक लिहून गेल्या.

शेकोटीपाशी जे सांगत नाहीत तेही सांगतो. आर्कान्सा नदीच्या पश्चिमेला जी शिखरं दिसतात त्यांत अँटेरो आणि शव्हानो ही यूट नायकांची नावं आहेत. हार्वर्ड आणि येल ही नावं १८६९ मध्ये, पॉवेल नदीत होता त्याच उन्हाळ्यात, प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने ठेवली. बारा वर्षांनी, १८८१ मध्ये, कोलोरॅडोतल्या बहुतेक यूट लोकांना सैन्याच्या धाकाने युटात हाकलण्यात आलं. ज्या रानाला आपण निर्मनुष्य म्हणतो ते असं निर्मनुष्य झालेलं आहे. आणि नंतर कितीतरी वर्षं शिबिरांतली गोरी मुलं डोक्याला पिसं लावून, 'जमाती' करून शेकोटीभोवती नाचत राहिली.

आता एक गोष्ट, जी धर्माहून मला अधिक महत्त्वाची वाटते. १२ मे १९८६ रोजी ओरेगनमधल्या एका चर्चच्या शाळेची दहावीची मुलं माउंट हूडवर गेली. हवा बिघडत असताना चढाई चालू राहिली. हिमवादळात त्यांनी बर्फात गुहा खोदून आसरा घेतला. सात मुलं आणि दोन मोठी माणसं गेली. पुढच्याच वर्षी जुलैत टेक्ससमध्ये ग्वादालूपे नदीच्या पुरात चर्चच्या शिबिराहून निघालेली बस अडकली, दहा किशोरवयीन मुलं वाहून गेली. त्याच नदीकाठी २०२५ च्या ४ जुलैच्या पहाटे पूर आला आणि 'कँप मिस्टिक' या मुलींच्या जुन्या ख्रिस्ती शिबिरातल्या सत्तावीस जणी, मुली आणि त्यांच्या ताया, गेल्या. यांतल्या कोणत्याही घरी कोणी हलगर्जी आईबाप नव्हते. श्रद्धा चांगली आहे, पण ती पाण्याची पातळी मोजत नाही. पॉवेल मोजत होता.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी आधी बायबलाबद्दल विचारायला सांगतच नाही. नदीवर नेणारी कंपनी राज्याच्या परवान्याची आहे का? पाणी किती वर गेलं तर सहल रद्द करतात आणि तो निर्णय कोण घेतं, पाद्री की मार्गदर्शक? रानातल्या प्रथमोपचाराचं शिक्षण किती जणांचं झालंय? रात्री वादळ आलं तर तंबू कुठे हलवणार? एवढं विचारल्यावर जो मनुष्य वैतागतो त्याच्याबरोबर मूल पाठवू नये, मग तो कोणत्याही देवाचा असो. जो वही काढून शांतपणे दाखवतो, त्याला मग पुढचा प्रश्न विचारावा: शेवटच्या रात्री काय होतं? माझ्या मुलीने "मी नुसती ऐकेन" म्हटलं तर चालेल का? उत्तर सहसा सरळ मिळतं. आणि घरी मुलीशीही बोलावं, ती निघण्याआधी, परतल्यावर नव्हे. "तू कोण?" असं कोणी शेकोटीपाशी विचारलं तर तिला दोन वाक्यं सांगता यावीत. ती वाक्यं चर्चने शिकवायची की आपण, हा प्रश्न आपल्या घरातला आहे, त्यांच्या नव्हे.

आपल्याकडेही या देशात ज्यूंनी १९०२ पासून न्यूयॉर्कजवळ सरप्राइज लेकला स्वतःची शिबिरं काढली, आणि आता हिंदू संस्थांचीही उन्हाळी शिबिरं भरतात. तिथल्या खोल्या, ताई-दादा, शिट्टी, गाणी, शेवटच्या रात्रीचं रडणं, सगळा साचा सम्नर डडलींचाच आहे. फक्त सकाळी सूर्यनमस्कार असतात. यात मला काही गैर वाटत नाही. सह्याद्रीतले गड चढून मोठ्या झालेल्या आपण मंडळींनी मात्र त्या शिबिरांत थोडा डोंगर आणि थोडी नदी घालावी, नुसतीच व्याख्यानं आणि भात-वरण नको.

एक शेवटची माहिती, खास नदीवर जाणाऱ्या मुलांसाठी. पॉवेलनंतर दहाबारा वर्षांनी त्याच्याच हाताखालचा क्लॅरेन्स डटन हा सैन्यातला भूगर्भशास्त्रज्ञ ग्रँड कॅन्यनचा अभ्यास करायला गेला. तिथल्या शिखरांचे थरावर थर बघून त्याला पूर्वेकडची देवळं आठवली आणि त्याने नकाशावर नावं घातली: विष्णू टेंपल, शिव टेंपल. पुढे इतरांनी ब्रह्मा, मनू, कृष्ण, राम यांचीही भर घातली. विष्णू टेंपल साडेसात हजार फूट उंच आहे. त्याच्या पायथ्याशी नदीने उघडा पाडलेला काळा, चमकणारा खडक सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांचा आहे आणि त्याचंही शास्त्रीय नाव 'विष्णू शिस्ट' असंच आहे. हान्सचा खळाळ उतरलात की थोड्याच वेळात तो दोन्ही बाजूंनी वर येतो. चर्चची होडी असो की आणखी कोणाची, जाते त्याच्या मधूनच. मार्गदर्शकाला विचारा, तो बोट करून दाखवील.